संगणकीकरण आणि संस्थेची क्षमता

‘संगणकीकरण’ आणि ‘डिजिटल परिवर्तन’ हे शब्द शासकीय व्यवहारात पुष्कळदा समानार्थी म्हणून वापरलेले आढळतात. वस्तुतः त्यांच्या अर्थात भेद आहे. संगणकीकरण बाहेरून करता येते. यंत्रे घ्यावीत, संगणकप्रणाली बसवावी, की झाले. परिवर्तन मात्र संस्थेचे स्वतःचे व्हावे लागते आणि त्यासाठी तिच्या अंगी काही क्षमता असावी लागते. ही क्षमता म्हणजे काय, ते ठाणे जिल्ह्यातील एका उदाहरणावरून पाहू.

१९८३ साली स्थापन झालेल्या कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने या शतकाच्या आरंभी ई-प्रशासनाचा प्रकल्प राबवला. पुढे राज्यातील इतर नागरी स्वराज्य संस्थांसाठी तो नमुना ठरला. त्यात यंत्रांपेक्षा महत्त्वाचे होते ते नागरी सुविधा केंद्र. मालमत्ता कर एका खात्यात, पाणीपट्टी दुसऱ्या, जन्माचा दाखला तिसऱ्या, आणि नागरिकाने खाती शोधत हिंडायचे, ही कार्यालयांची जुनी रीत. अशा केंद्रात अर्ज एकाच ठिकाणी स्वीकारला जातो. तो आत कोठे जावा, हे पाहणे संस्थेचे काम होते. बदल लहान दिसतो. परंतु त्यासाठी कोणत्या अर्जाला कोणती कागदपत्रे लागतात, तो कोणाच्या टेबलावर जातो, अखेरची सही कोणाची, हे सारे लेखी निश्चित करावे लागते. अनेक कार्यालयांत हे ज्ञान एखाद्या जुन्या लिपिकाच्या डोक्यात असते. तो रजेवर गेला की फाइल थांबते. ते ज्ञान व्यक्तीकडून संस्थेकडे येणे, ही संघटनात्मक क्षमतेची पहिली खूण होय. (बोलणाऱ्यांच्या तोंडी असलेले नियम व्याकरणकार लिहून काढतो, तसेच हे काम आहे.)

दुसरी अडचण थेट भाषेची आहे. जन्मनोंदवहीत ‘लक्ष्मण’, शाळेच्या दाखल्यावर ‘लक्षुमण’. रोमन लिपीत तर डोंबिवलीचे नावही एकाहून अधिक प्रकारे लिहिले जाते. वाचणारा माणूस नाव ओळखतो. संगणक अक्षरे ताडून पाहतो. अर्ज घरबसल्या भरला, पण एका अक्षरासाठी कार्यालयात खेटे घालावे लागले, असा अनुभव आपल्यापैकी काहींनी घेतला असेल. दोहोंपैकी कोणते नाव ग्राह्य, हा निर्णय संगणकप्रणालीवर सोपवता येत नाही. तो कोणी आणि किती दिवसांत घ्यायचा, हे संस्थेने आधी ठरवलेले नसेल, तर अर्ज संगणकातही तसाच पडून राहतो.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मुळे या प्रश्नाला कायद्याचे बळ मिळाले. अधिसूचित सेवेसाठी मुदत आणि पदनिर्देशित अधिकारी निश्चित असतो. पुरेशा कारणावाचून सेवा न दिल्यास त्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. साहजिकच अर्जाच्या पोचपावतीला महत्त्व येते, कारण मुदतीची गणना तिच्यापासून करता येते.

कृती : आपण अलीकडे केलेल्या एखाद्या अर्जाची पोचपावती काढून पाहा. तीवर अर्जाचा क्रमांक आणि सेवेची मुदत आहे काय? नसल्यास ती माहिती आपण कोणाला विचारली असती, हे आठ-दहा ओळींत लिहा.