पृथ्वीचा पहारा

धाराशिव जिल्ह्यात बोरी नदीच्या काठी नळदुर्गचा किल्ला आहे. त्यात उपळी बुरूज नावाचा एक उंच बुरूज आहे. त्यावर चढले म्हणजे भोवतालचा मुलूख दूरवर दृष्टीस पडतो. शत्रू तटाशी येण्यापूर्वीच दिसला, तर सिद्धतेस अवधी मिळतो. हे तत्त्व दुर्ग बांधणाऱ्यांस पुरेपूर ठाऊक होते.

सबंध पृथ्वीच्या रक्षणासही हेच तत्त्व लागू पडते. परग्रहावरून सैन्य चालून आले आणि अंतराळयानांच्या आरमाराने ते परतवून लावले, अशा अद्भुत कथा तुम्ही वाचल्या असतील. असे सैन्य आजवर कोणी पाहिलेले नाही. परंतु अवकाशातून येणारा एक शत्रू मात्र खरोखरच आहे. त्याला ना बुद्धी, ना वैर. सूर्याभोवती फिरणारे लहानमोठे पाषाण हाच तो शत्रू. त्यांना लघुग्रह म्हणतात.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर ही अशाच एका आघाताची खूण होय. मराठवाड्याच्या काळ्या मातीखाली जो कठीण बसाल्ट खडक आढळतो, तसाच खडक फोडून त्या पाषाणाने तेथे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पाडले.

सुदैवाने पृथ्वीभोवती वातावरणाचे कवच आहे. अगदी लहान खडे त्यात शिरताच तापून नाहीसे होतात. बालाघाटच्या डोंगरांवरून अंधाऱ्या रात्री दिसणाऱ्या उल्का त्या ह्याच. मोठ्या पाषाणांपुढे मात्र हे कवच अपुरे पडते. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहरानजीक आकाशात सुमारे २० मीटर रुंदीचा पाषाण फुटला. त्या हादऱ्याने खिडक्यांची तावदाने फुटली व हजाराहून अधिक माणसे जखमी झाली. तो सूर्याच्या दिशेने आल्यामुळे आधी कोणासही दिसला नव्हता.

मग उपाय कोणता? पाषाणाची गती किंचित बदलावी, एवढेच पुरे. पृथ्वी सूर्याभोवती दर सेकंदास सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते. आपल्या व्यासाइतके अंतर ती सुमारे सात मिनिटांत ओलांडते. म्हणून पाषाण काही मिनिटे उशिरा आला, तरी पृथ्वी तेथून पुढे निघून गेलेली असते.

सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या नासा ह्या संस्थेने हा प्रयोग करून पाहिला. डार्ट नावाचे यान डायमॉर्फस ह्या सुमारे १६० मीटर रुंदीच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळविण्यात आले. ह्या लघुग्रहापासून पृथ्वीला धोका नव्हता. तो दुसऱ्या एका मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो. एका फेरीस त्याला पूर्वी ११ तास ५५ मिनिटे लागत. धडकेनंतर हा काळ अर्ध्या तासाहून अधिक घटला.

असा धक्का अनेक वर्षे आधी दिला, तर त्याचा परिणाम साठत जाऊन पाषाण पृथ्वीला चुकवून जातो. पाषाण उद्या आदळणार असे आज कळले, तर मात्र कोणतेही यान उपयोगी पडणार नाही. म्हणूनच जगातील वेधशाळांतून रात्रीमागून रात्री आकाशाचा शोध चालू असतो. पृथ्वीच्या संरक्षणाचे पहिले साधन हा जागता पहाराच होय.