हुआय्-सूची उन्मत्त लेखणी

तांगकालीन बौद्ध भिक्षू हुआय्-सू ‘वेडा’ म्हणून गाजला. मद्य चढले की समोर येईल त्या भिंतीवर, वस्त्रावर तो कुंचला चालवी. पण या उन्मादामागे कठोर तपश्चर्या होती. कागद परवडेना म्हणून त्याने केळी लावून पानांवर अक्षरे गिरविली, अशी आख्यायिका आहे. ७७७ सालचा त्याचा ‘आत्मकथन’ हा लेखपट तैपेई येथील राजप्रासाद संग्रहालयात आहे. ती प्रत त्याच्याच हातची की उत्तरकालीन, याविषयी मतभेद आहेत. त्यातील ७०२ अक्षरांत बराचसा भाग इतरांनी केलेल्या स्तुतीचाच—भिक्षूला हे शोभते काय? परंतु रसिक पाहतो ती रेषा. आरंभी संयत असलेली ती पुढे वेग घेते आणि अखेरीकडे दोनच अक्षरे संपूर्ण उभी ओळ व्यापतात. तरीही फटकाऱ्यांचा रूढ क्रम जाणणाऱ्यास ती वाचता येतात.