फ्यूज उडाला, म्हणजे नेमकं काय झालं?

मागच्या वेळी आपण बॅटरी पाहिली. आज फ्यूज. वस्तू काही रुपयांची, पण तिच्याशी चुकीचं वागलं की गाडी पेटू शकते, म्हणून तिला वेगळा तास दिला आहे.

समजा, पावसात घाट चढताना वायपर थांबले. हॉर्न वाजतो आहे, हेडलाइट चालू आहेत. म्हणजे बॅटरी ठीक आहे. एकच गोष्ट बंद पडली की पहिला संशय फ्यूजवर घ्यायचा. गाडी सुरक्षित जागी घ्या, किल्ली बंद करा आणि फ्यूज बॉक्स उघडा. बहुतेक गाड्यांत तो दोन ठिकाणी असतो, एक डॅशबोर्डखाली आणि एक बॉनेटखाली, बॅटरीजवळ. कुठला फ्यूज कशाचा, ते झाकणाच्या आत किंवा गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात असतं. (ते पुस्तक अजून पिशवीतच आहे, हे आम्हाला माहीत आहे.)

छोट्या प्लास्टिकच्या चिमट्याने फ्यूज सरळ वर ओढा आणि उजेडात धरा. आतली बारीक पट्टी तुटलेली किंवा काळवंडलेली दिसेल. मात्र कधीकधी तडा डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा टेस्ट लॅम्प कामाला येतो. फ्यूज जागेवरच ठेवा, किल्ली फिरवून वायपरचं बटण चालू करा. लॅम्पची क्लिप बॉडीच्या उघड्या धातूला लावा आणि टोक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांना आळीपाळीने टेकवा. दोन्हीकडे दिवा लागला, तर फ्यूज चांगला. एकीकडेच लागला, तर उडालेला. कुठेच लागला नाही, तर वीज तिथवर पोचतच नाही. दोष अजून मागे आहे.

आता मुख्य गोष्ट. फ्यूज वायपरच्या मोटरला वाचवण्यासाठी नसतो, तो वायरला वाचवण्यासाठी असतो. वायर जेवढा प्रवाह न तापता सोसेल, त्याच्या आतला आकडा कंपनीने ठरवलेला असतो. 10 अँपिअरचा फ्यूज लाल, 15 चा निळा, 20 चा पिवळा, 30 चा हिरवा. गंमत अशी की एकाच मापात हे सगळे येतात, त्यामुळे 15 च्या खाचेत 30 चा सहज बसतो. आमच्याकडे अशी एक गाडी आली होती. फ्यूज सारखा उडतो म्हणून कोणीतरी हिरवा ठोकला होता. मग फ्यूज उडायचा थांबला आणि डॅशबोर्डखाली वायरीचं प्लास्टिक वितळून एकमेकांना चिकटलं. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं त्याहून वाईट, कारण तिला आकडाच नसतो.

तेव्हा त्याच आकड्याचा नवा फ्यूज लावा, पण किल्ली बंद करूनच. तो लगेच उडाला, तर तिसरा लावू नका. कारण शोधा. उंदराने कुरतडलेली वायर, चार्जिंगच्या सॉकेटमध्ये पडलेलं नाणं, अडकलेला वायपर, यातलं काहीही असेल. एअरबॅगच्या फ्यूजला मात्र घरी हात लावू नका.

आणि घाटात जवळ जादा फ्यूज नसेल तर? म्युझिक सिस्टिमचा काढा, आकडा तोच असेल तर वायपरला लावा. गाणी घरी गेल्यावर.

पुढच्या वेळी रिले.