माक्याचं तेल आणि माक्याची गोळी

पावसाळ्यात बांधीच्या धुऱ्यावर माका आपोआप माजतो. पांढरी, बटणासारखी फुलं. पान चुरगाळलं की बोटं काळी पडतात. आजी तो उपटून आणायची, पाट्यावर वाटायची आणि रस तेलात कढवायची. तेलाचा तडतड आवाज थांबला की पाणी सरलं, हे तिचं मोजमाप. रविवारी सगळ्या नातींची डोकी तिच्या मांडीवर. आमच्या घरी माका डोक्यावर गेला, पोटात कधी नाही.

1999 पासून लाखनीत माझं मेडिकल आहे. आता तोच माका गोळ्या होऊन माझ्या काउंटरवर येतो. डब्याच्या पुढे हिरवी पानं. मागे बारीक अक्षरांत माका, आवळा, ब्राह्मी, अश्वगंधा आणि त्यांच्याच रांगेत बायोटिन, झिंक, सेलेनियम. ‘किती दिवस घ्यायच्या?’ असं गिऱ्हाईक क्वचितच विचारतं. ‘जडीबुटीच्या तं आहेत ताई, काय होते त्यानं?’ हे मात्र रोज ऐकते. खरं सांगायचं तर बरीच वर्षं मीही हेच म्हणायची. मार्जिन चांगलं असतं.

शेतातली वस्तूही किती आणि किती दिवस खाल्ली यावर सगळं ठरतं, हे आम्हा भंडाऱ्याच्या माणसांना तरी कळायला हवं होतं. धान उभं असतानाच ओल्या बांधीत लाखोरी फेकायची, ही इथली जुनी रीत. लाखोरीची डाळ, वडे, पाल्याची भाजी खाऊन पिढ्या वाढल्या. पण दुष्काळात जिथे दोन-तीन महिने जवळजवळ लाखोरीवरच दिवस काढावे लागले, तिथे धडधाकट माणसांचे पाय कायमचे आखडले. डाळ तीच, शेत तेच. फरक पडला तो प्रमाणानं आणि महिन्यांनी. त्यापायी 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली आणि पुढे ती उठवावी म्हणून नागपुरात वर्षानुवर्षं भांडण चाललं. मी लाखोरीच्या बाजूची. वडे सोडणार नाही. पण रोज तीच डाळ शिजवणारही नाही.

माझे डोळे उघडले ते साकोलीकडच्या एका शिक्षिकेमुळे. थायरॉइडच्या गोळीची चिठ्ठी घेऊन आल्या होत्या. रिपोर्टमध्ये थायरॉइड फार वाढलेलं, आणि बाई ठणठणीत! ना धडधड, ना हाताला कंप. बोलता बोलता कळलं की दीड वर्षापासून केसांसाठी ‘हर्बल’ गोळी चालू आहे. डबा मागवला. बायोटिन 10 मिलिग्रॅम. शरीराला रोज लागतं 30-40 मायक्रोग्रॅम, म्हणजे हे शेकडो पट झालं. कित्येक लॅबमधल्या रक्ततपासण्या बायोटिनच्याच चिकटपणावर चालतात. रक्तात ते जास्त झालं की यंत्राचा हिशेब चुकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2017 मध्ये याचा जाहीर इशारा दिला होता, कारण हार्ट अटॅक ओळखणाऱ्या ट्रोपोनिनचा आकडाही यामुळे खोटा कमी येऊ शकतो. मी बाईंना डॉक्टरांकडे परत पाठवलं. गोळी काही दिवस बंद ठेवून पुन्हा तपासणी झाली आणि रिपोर्ट साफ आला. तो डबा माझ्या दुकानातला नव्हता, पण तसलेच चार माझ्या कपाटात होते.

पानाफुलांचं म्हणाल तर तेही सगळं निरुपद्रवी नाही. कोरोनाच्या साथीत, 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये, मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं, ती खरी गुळवेल नसेल, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असेल. असेलही. पण मग डब्यात नक्की कुठली वेल आहे, हे गिऱ्हाइकानं ओळखायचं कसं? केसांच्या गोळ्यांतली अश्वगंधाही यकृताच्या तक्रारींत येते. असं क्वचितच घडतं आणि गोळी थांबवल्यावर बहुतेक जण बरे होतात. अट एवढीच की गोळीचा संशय वेळेवर यायला हवा. कावीळ झालेला माणूस डॉक्टरांना बीपीची गोळी सांगतो, केसांची सांगत नाही. तिला तो औषध मानतच नाही.

कायदाही फारसा वेगळा वागत नाही. आयुर्वेदिक औषधांचा 2010 चा 158-ब नियम सांगतो की घटक जुन्या ग्रंथांतले असतील आणि विषारी यादीतलं काही नसेल, तर नव्या मिश्रणाला सुरक्षिततेचा वेगळा अभ्यास लागत नाही. अन्नपूरक म्हणून विकली जाणारी गोळी तर एफएसएसएआयच्या परवान्यावर चालते. ती औषधच नव्हे. पाच वर्षं रोज गिळल्यावर काय, याचं उत्तर दोन्हीकडे द्यावं लागत नाही.

सेलेनियमचा धडा तर आपल्याच विदर्भानं पाहिला. डिसेंबर 2024 पासून शेगाव तालुक्यातल्या गावांत तीन-चार दिवसांत लोकांच्या डोक्यावरचे केस मुठीत येऊ लागले. आधी पाण्यावर संशय गेला. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी केलेल्या तपासणीत रुग्णांच्या रक्तात सेलेनियम नेहमीच्या 35 पट निघालं. रोख रेशनच्या गव्हाकडे गेला. केस वाढावेत म्हणून गोळीत घालतात तेच हे द्रव्य. फार झालं की केसच नेतं.

आता कुणी केस गळतात म्हणून आलं की मी आधी मागच्या तीन-चार महिन्यांची चौकशी करते. टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण? तसं असेल तर केस बहुतेक वेळा आपोआप परततात. श्रेय मात्र त्या सुमाराला चालू असलेल्या गोळीला मिळतं. नसेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून या म्हणते. तरीही गोळी हवीच असेल तर देते, पण डब्यावर पेनानं सुरुवातीची तारीख लिहून. लोक हसतात.

परवा एक काका रिकामा डबा घेऊन आले, तसलाच दुसरा द्या म्हणाले. तारीख माझ्याच अक्षरातली, दोन वर्षांपूर्वीची. त्यांनी टोपी काढून डोकं दाखवलं. ‘फरक तं काई नाई पडला ताई. पण आता सवय झाली.’