उतारावरचे औत

प्रत्येकी साडेतीनशे किलोचे दोन बैल सपाट रानात दिवसभर टिकेल अशी जी ओढ देतात, ती त्यांच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी, म्हणजे दोघांची मिळून ७० किलोच्या आसपास असते. हीच जोडी १०० फुटांत १० फूट चढणाऱ्या रानात सरळ वर चालवा. औत राहिले बाजूला, नुसते आपले अंग वर न्यायलाच त्यांना जवळपास तेवढा जोर लागतो. चढ १०० फुटांत २० फूट झाला की तो जोर दुपटीच्या घरात जातो आणि नांगर ओढायला बैलाकडे काही उरतच नाही. डोंगरावरच्या अवजारांचा सगळा विचार या हिशेबापासून सुरू होतो. म्हणून डोंगरात औत उभे चालत नाही, आडवे चालते. ते आडवे चालवायचे ठरले की जू, हाळीस, फाळ आणि खुद्द बैल यांच्याकडे नव्याने पाहावे लागते.

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा आणि कळवणचा काही भाग अशा रानांचा आहे. सिन्नर-येवल्याकडे वर्षाला ५००-६०० मिलिमीटर पाऊस म्हणजे बरे वर्ष. इगतपुरीत ३००० मिलिमीटरच्या वर पडतो. एकाच जिल्ह्यात एवढा फरक असल्यामुळे अवजारेही एक राहिलेली नाहीत. खाली पाणी धरणारी भाताची खाचरे आणि वर उतरती, हलकी, दगडगोट्यांची वरकस जमीन, अशी इकडच्या महादेव कोळी, कोकणा, वारली, ठाकर शेतकऱ्यांची शेती. वरकसात एक वर्ष नागली, पुढे वरई, मग खुरासणी आणि नंतर काही वर्षे रान पड, ही जुनी फेरपालट. या वरकसात चालणारे औत हाच या लेखाचा विषय.

जगात डोंगरी अवजारांचे बरेच लिखाण घोड्यांच्या औतांविषयी आहे. आपल्याकडे घोडा खोगिराला, टांग्याला आणि पाठीवरच्या ओझ्याला, नांगराला बैलच. पण प्रश्न दोन्हीकडे एकच आहे आणि घोडेवाल्यांनी त्याची जी उत्तरे काढली ती आपल्या कामाची आहेत. त्याकडे पुढे येऊच.

आधी आपला लाकडी नांगर. साग, खैर, बाभूळ किंवा सादडा, ज्या गावात जे लाकूड मिळेल त्याचा. खोडाला पुढे लोखंडी फाळ, तो हलू नये म्हणून वसू, मागे रुमणे आणि हातात धरायला मूठ, पुढे लांब हाळीस आणि ती जुवाला बांधणारे येठण. या नांगराला शहाण्यासुरत्या लोकांनी शंभर वर्षे नावे ठेवली. तो माती उलटवत नाही, फक्त खरवडतो. चार-सहा इंचांच्या खाली जात नाही. दोन तासांच्या, म्हणजे नांगराच्या चरांच्या, मध्ये न नांगरलेली पट्टी ठेवतो म्हणून पुन्हा तिरके नांगरावे लागते. सपाट, खोल, काळ्या जमिनीत ही टीका बरोबर आहे. उतारावर मात्र यातला एकेक दोष गुण होतो, हे फार थोड्यांनी लिहिले.

औत बांधाशी येऊन वळते तेव्हा नीट पाहावे. नांगऱ्या मूठ वर उचलतो, फाळ मातीतून सुटतो, बैल जागच्या जागी फिरतात आणि त्याच तासाला लागून पुढचे तास सुरू होते. जाताना जो बैल वरच्या अंगाला होता तो येताना खालच्या अंगाला येतो. उताराचा त्रास दोघांत आपोआप वाटला जातो. नांगर दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे त्याला डावे-उजवे नसते. जाताना जसा चालतो तसाच येताना. शिवाय एका माणसाने खांद्यावर टाकून पाऊलवाटेने वरच्या रानात न्यावा इतका तो हलका आहे. जिथे गाडीवाट पोचत नाही तिथे ही गोष्ट फाळाच्या खोलीपेक्षा मोठी ठरते.

नांगऱ्याचे खरे कसब मुठीत असते. आडव्या तासात नांगर सतत खाली घसरू पाहतो. म्हणून मूठ किंचित डोंगराकडे कलती धरायची, फाळ फार खोल जाऊ द्यायचा नाही आणि दगडाला अडकताच मूठ उचलून नांगर पलीकडे टाकायचा. खाली मुरूम असलेल्या जमिनीत फाळ खोल घातला तर वरची चार बोटे माती मुरमात मिसळते आणि पहिल्या जोराच्या पावसात उरलीसुरली ओढ्याला जाते. उथळ नांगरट ही इथे गरिबीची खूण नाही. माती राखायचा तो मार्ग आहे.

आता लोखंडी नांगराचे पाहू. १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीपायी पहिली दोन वर्षे त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि त्या नांगराने दख्खनच्या काळ्या जमिनीचे रूप पालटले. चार-सहा-आठ बैल लावून हरळीचे मूळ उपटून काढणारे ते औत देशावरच्या शेतकऱ्याचे खरोखर मोठे साधन झाले. पण माती एकाच अंगाला उलटवणारा नांगर उतारावर आडवा चालवला की एक अडचण उभी राहते. जाताना तो माती खाली टाकतो, तर येताना तीच माती त्याला डोंगराच्या दिशेने वर चढवावी लागते. ती चढत नाही, तासात परत ढासळते आणि बैलांचा जोर वाया जातो.

या अडचणीवर अमेरिकेत व्हर्जिनियाच्या टेकड्यांवर उपाय निघाला. राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांचे जावई थॉमस मान रँडॉल्फ यांनी घोड्यांसाठी असा नांगर काढला की जाता-येता माती नेहमी खालच्या अंगालाच पडावी. समपातळीच्या रेषेत नांगरायची पद्धतही त्यांनी जेफरसन यांच्या मॉन्टिसेलो इथल्या रानांत आणली आणि जेफरसन यांनी तिची मोठी स्तुती केली. उतारावरून धावणारे पाणी त्या तासांत अडून मुरू लागले. इंग्लंडात केंट परगण्यात तर माती उलटवणारा पत्रा काढून दुसऱ्या अंगाला बसवायचा नांगर त्याच्याही आधीपासून होता. आज ट्रॅक्टरमागे दिसणारा पलटी नांगर याच घराण्यातला. मात्र रँडॉल्फ यांच्या नांगराची एक उणीव सांगायला हवी. माती दरवर्षी खालीच पडत राहिली तर वरचा माथा हळूहळू उघडा पडतो. आपला लाकडी नांगर माती उलटवतच नाही, त्यामुळे ती त्या मानाने जागेवर राहते.

घोडेवाल्यांकडून शिकायची खरी गोष्ट नांगरात नाही, जुंपणीत आहे. घोड्याच्या गळ्यात खांद्यावर बसणारे गादीचे कडे असते आणि त्याच्या दोन अंगांनी मागे साखळ्या किंवा पट्टे जातात. दोन घोड्यांचे पट्टे मध्यावर खिळलेल्या, फिरत्या आडव्या दांडीला जोडलेले असतात. एक घोडा वर, दुसरा खाली असला तरी दांडी फिरते आणि प्रत्येकाचे खांदे मोकळे राहतात. अमेरिकेच्या वायव्येला पालूस नावाचा गव्हाच्या टेकड्यांचा मुलूख आहे. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तीस-तीस घोड्यांचे ताफे उतारावर कापणी-मळणीची अवाढव्य यंत्रे ओढत. यंत्राचे चाक खाली गेले तरी मळणीचा भाग सपाट राहावा अशी त्यात सोय होती. एवढ्या जनावरांची ओढ सारखी वाटली जायची ती अशा फिरत्या दांड्यांच्या जोरावर.

आपले जू म्हणजे दोन मानांवर ठेवलेला एक ताठ दांडा. दोन मानांत तीन-साडेतीन फुटांचे अंतर धरले, तर १०० फुटांत २० फूट उतरणाऱ्या रानात खालचा बैल वरच्यापेक्षा सात-आठ इंच खाली असतो. जू तेवढे तिरके होते, खालच्या अंगाला सरकू पाहते आणि शिवळा, म्हणजे जुवाच्या खुंट्या, मानेच्या एकाच बाजूला दाबत राहतात. वरून धो धो पाऊस. ओल्या मानेवर लाकूड घासले की खांदेसूज आलीच, आणि ऐन आवणीच्या दिवसांत बैल बसला तर त्या घरचा हंगाम हातचा जातो. शेतकऱ्याने यावर आपले उपाय केलेत. जू गुळगुळीत तासायचे, मानेवर चिंधी किंवा गोणपाट ठेवायचे, एक बैल जोरकस असेल तर येठण त्याच्या बाजूला सरकवून भार त्याच्यावर घ्यायचा. तरी मूळ दुखणे ताठ दांड्याचे आहे आणि ते अजून सुटलेले नाही. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत सुधारित जुवांवर काम झाले आहे. पण तिरक्या रानात, पावसात, लहान चणीच्या जोडीसाठी बनवलेली जुंपणी घोटीच्या बाजारात विकत मिळावी, तेव्हाच ते काम पुरे झाले म्हणता येईल.

बैलाविषयी मात्र या मुलखाने हार मानलेली नाही. डांगी ही जात इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, अकोले आणि पलीकडच्या डांगच्या डोंगरांत घडली. तिच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, त्यामुळे पावसाचे पाणी अंगावर फार काळ थांबत नाही. खूर काळे आणि गारेसारखे कठीण, म्हणून दगडात झिजत नाहीत. गाय दूध बेताचे देते, पण गोऱ्हा चिखलात आणि चढावर उभा राहतो. घोटीचा आणि राजूरचा बाजार या जनावरांसाठी नावाजलेला. डोंगरी औताची चर्चा करताना आपण लाकूड-लोखंडाचे बोलतो आणि हे जिवंत यंत्र विसरतो. या बैलाइतके डोंगराला जुळवून घेतलेले दुसरे काही या औतात नाही.

पाभर आणि कोळपे यांचे उतारावर फारसे चालत नाही. पाभरीचे फण दगडावर उडतात, कोळपे घसरून ओळीतल्या रोपांवरच जाते. म्हणून राब भाजून रोपे करायची, नांगरल्या रानात हाताने लावायची आणि निंदणीही हातानेच. यात सगळ्यात जास्त कंबर मोडते ती बायांची, आणि अवजारे करणाऱ्यांचे लक्ष तिकडे सगळ्यात कमी गेले आहे.

अल्मोड्याच्या विवेकानंद पर्वतीय कृषी संशोधन संस्थेने कुमाऊँच्या उतारांसाठी ‘व्ही. एल. स्याही हल’ नावाचा लोखंडी नांगर काढला. तिथे लाकडी नांगरांसाठी बांजाची (ओकची) झाडे तुटत होती, ती वाचावीत हा एक हेतू. त्याची घडण मात्र त्या डोंगरातल्या देशी नांगराचीच ठेवली. हलका, दोन्हीकडे चालणारा, एका माणसाने उचलावा असा. जुन्या औताला मोडीत न काढता त्यालाच पुढे न्यायचे, ही रीत मला योग्य वाटते.

आपल्याकडे खाचरात पॉवर टिलर आला, तो चांगलाच आहे. चिखलणीचा बराच ताण त्याने घेतला. पण तिरक्या, अरुंद, दगडी वरकसात ट्रॅक्टर आडवा चालवणे म्हणजे तो कलंडण्याची भीती, आणि उभा चालवला तर प्रत्येक चाकोरी पावसाचे पाणी वाहून नेणारी घळ होते. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्यापासून आपण समपातळी बांधांवर पैसा आणि श्रम घालत आलो. त्या बांधांच्या आत औत कोणत्या दिशेने फिरते हे मात्र पाहिले नाही. बांध आडवा आणि नांगरट उभी असेल, तर बांध फुटतोच.

इगतपुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे विभागीय संशोधन केंद्र आहे. भात, नागली, वरई, खुरासणी ही या डोंगरांची पिके तिथे अभ्यासली जातात. त्या पिकांबरोबर त्यांचे औतही अभ्यासाला घ्यावे. कृषी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी नव्या अवजाराची चाचणी विद्यापीठाच्या सपाट प्रक्षेत्रावर न घेता जुलैच्या पावसात, पेठ-सुरगाण्याच्या वरकसात, डांगी जोडी जुंपून घ्यावी, आणि रुमण्याला ज्यांचे हात लागले आहेत त्यांना विचारून घ्यावी. फिरत्या दांडीचे हलके जू, दगड लागताच उचलता येणारा फाळ, आडव्या ओळींत सरळ चालणारे कोळपे, या तीन वस्तू गावच्या लोहार-सुताराला बनवता येतील अशा घडणीत मिळाल्या तरी खूप झाले. त्यासाठी लागणारे ज्ञान आजही या डोंगरांत जिवंत आहे. फक्त ते ज्यांच्या हातात आहे ते नांगरे आता साठीच्या पुढे गेले आहेत.