वय अंदाजे

बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाच्या पंचक्रोशीत म्हातारीला वय विचारलं तर ती साल सांगत नाही. रझाकाराच्या धामधुमीत मी पाळण्यात होते, म्हणते. नाहीतर बहात्तरच्या दुष्काळात थोरला पोटात होता, असं. आधार कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी, कारण कागद भरणाऱ्याला काहीतरी लिहावंच लागतं. ती गेल्यावर पत्रिका छापताना घरात याच रकान्याशी अडतं. मग जन्म गाळून नुसतं पुण्यस्मरण छापतात.

गड वारकऱ्यांचा. नगद नारायण महाराजांचं हे स्थान धाकटी पंढरी म्हणून ओळखलं जातं, आषाढीला इथून पालखी पंढरपूरला जाते. २०२४ च्या दसऱ्याला मराठा आंदोलक मनोज जरांगे यांचा मेळावा झाला आणि बाहेरच्या लोकांना नाव कळलं. भोवतालच्या गावांचा गडाशी संबंध मात्र टाळ-मृदंगाचा. त्यामुळे गेलेल्या माणसाची आठवण काढायची रीतही ठरलेली. तेराव्याचं गोडजेवण, वर्षानं कीर्तन, फाट्यावर फ्लेक्स. फ्लेक्सवर ‘गं. भा.’ आणि नातवाच्या लग्नातल्या फोटोतून कापून घेतलेला चेहरा. कधीकधी शेजारच्याचा खांदा तसाच राहून गेलेला. खाली ‘शोकाकुल’ म्हणून मुलगे, पुतणे, नातू. लेकींची नावं बहुधा नसतातच, रडायला मात्र त्याच सगळ्यांत पुढे असतात. कीर्तनकार आईच्या महतीवर तासभर बोलतात, मांडवातले पुरुष डोळे पुसतात, आणि जिच्यासाठी मांडव घातला तिच्या वाट्याला एक वाक्य येतं: माउलीनं फार कष्ट केले.

कोणते कष्ट, हे कुणी विचारत नाही. त्या एका वाक्याखाली जिल्ह्याचा इतिहास झाकला जातो, असं मला वाटतं. आज ऐंशीच्या आसपास असलेली बाई निजामाच्या राज्यात जन्मली. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं तेव्हा ती अंगणात रांगत असेल. १९७२ मध्ये ती ऐन पंचविशीत होती आणि दुष्काळी कामावर खडी फोडत होती. त्या साली मराठवाड्यात रस्ते, पाझर तलाव, नालाबांध यांवर बाया मोठ्या संख्येनं राबल्या. तान्ह्याला बाभळीच्या सावलीत झोळीत टाकायचं, पाटीनं माती वाहायची, सुकडी मिळाली तर पदरात बांधून घरी न्यायची, रात्री परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी थापायची. ती चिकट आणि बेचव भाकरी या पिढीला मरेपर्यंत आठवते. त्या तलावांची नोंद सरकारी कागदात सापडते. ते खणणाऱ्या आजीची तिच्या पत्रिकेतही नसते.

मराठीत आईच्या आठवणींची कमतरता नाही. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली, अत्र्यांनी १९५३ मध्ये तिचा चित्रपट केला, आणि तेव्हापासून आपल्याकडे बहुतेक आया श्यामच्या आईसारख्याच आठवल्या जातात: सोशिक, संस्कार करणाऱ्या, लवकर जाणाऱ्या. पुस्तकाबद्दल मला आदर आहे, त्याच्या छापातून निघालेल्या श्रद्धांजल्यांबद्दल नाही. बहिणाबाई चौधरींचं उदाहरण वेगळं. त्यांना लिहिता येत नव्हतं. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी मुलगा सोपानदेव यांनी त्यांच्या कविता छापल्या. स्वतः कवी असलेल्या मुलानं आईवर लिहिण्याआधी आईचे शब्द पुढे ठेवले, आणि आज लोक ओळखतात ते आईला. लक्ष्मीबाई टिळकांनाही ‘स्मृतिचित्रे’ लिहायला मुलानंच भरीला घातलं होतं. तिथं बाई स्वतःबद्दल बोलते, हसते, नवऱ्याची खोडही काढते. असं हसू आपल्या पुण्यस्मरणात कुठं असतं?

बीड जिल्ह्यातल्या बायकांचं स्वतःचं बोलणं जात्यावर झालं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभरातून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. १९९६ मध्ये त्यांची मंडळी माजलगावच्या भीमनगरात आली आणि तिथल्या बायांनी भीमरायाच्या ओव्या गाऊन दिल्या. आज त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर गाणाऱ्या बाईच्या नावा-गावासकट ऐकायला मिळतात. पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं. बरंच झालं, पहाटे तीनला उठून दळण्यात गोड मानण्यासारखं काही नव्हतं. पण तेवढीच एक वेळ होती, जेव्हा बाई आपल्या आईबद्दल, सासुरवासाबद्दल मोकळं बोलायची आणि कुणी अडवायचं नाही.

आताची आजी ओवी गात नाही, नातवंडं सांभाळते. दसरा-दिवाळी आटोपली की मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. घरी उरते म्हातारी आणि शाळेतली पोरं. पुढचे पाच-सहा महिने वेणी घालणारी, तापात रात्र जागणारी, मास्तरांपुढे अंगठा उठवणारी तीच. या मुलांसाठी सरकार हंगामी वसतिगृहं चालवतं, पण पुष्कळ घरांत खरं वसतिगृह म्हणजे आजीची खोली. साठी ओलांडल्यावर दुसऱ्यांदा आईपण, तेही बिनपगारी. अशा घरात वाढलेला तरुण मोठा होऊन पुण्याला नोकरीला लागला की त्याच्या मोबाइलवर आईपेक्षा आजीचे फोटो जास्त सापडतात.

आणि फडात गेलेली ती सून? मोळी बांधायची, डोक्यावरून ट्रकपर्यंत न्यायची, एक दिवस बुडला तर खाडा कापला जातो, पाळी असो वा ताप. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी केली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या कितीतरी जणी आता आज्या झाल्या आहेत. त्यांना जिवंतपणीच विचारता येईल: ऑपरेशन कोणत्या साली झालं, उचल किती होती, त्या हंगामात पोरं कुणाकडे ठेवली होती.