कर्म, भोग आणि दुःखाचा प्रश्न

घरात एखादे मूल जन्मतःच व्याधी घेऊन आले किंवा ऐन तारुण्यात कोणाला असाध्य आजार जडला, की भेटीस येणाऱ्यांच्या तोंडून एक वाक्य हमखास बाहेर पडते : 'असतात एकेकाचे भोग.' आपली ख्रिस्ती कुटुंबेही याला अपवाद नाहीत. बोलणाऱ्याचा हेतू सांत्वनाचा असतो. परंतु ऐकणाऱ्या मातेला त्यातून एवढेच उमगते, की हे दुःख म्हणजे कोणाच्या तरी अपराधाची शिक्षा आहे. म्हणूनच कर्म या शब्दाचा मूळ अर्थ काय आणि दुःखाशी त्याचा संबंध कितपत, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

संस्कृत 'कृ' धातूपासून बनलेल्या या शब्दाचा साधा अर्थ 'केलेले काम' असा आहे. वेदकाळी तो मुख्यत्वे यज्ञविधींसाठी योजला जाई. बृहदारण्यक उपनिषदात आर्तभाग याज्ञवल्क्यांना विचारतो, की मृत्यूनंतर देहाचे सर्व घटक सृष्टीत विलीन झाले, तर माणूस म्हणून मागे काय उरते? याज्ञवल्क्य त्याचा हात धरून त्याला सभेतून बाजूला नेतात आणि एकांतात ते दोघे कर्माविषयी बोलतात. सत्कृत्याने माणूस सत्शील होतो आणि दुष्कृत्याने दुष्ट, हे त्या संवादाचे सार होय. येथे भर आहे तो कर्त्याच्या स्वतःच्या जबाबदारीवर.

पुढे या विचाराला अनेक फाटे फुटले. जैन दर्शनात कर्म हे आत्म्याला चिकटणारे सूक्ष्म द्रव्य मानले गेले. बुद्धांनी कृतीमागील चेतनेला, म्हणजे हेतूला, कर्म म्हटले. वेदान्ताने संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे तीन भेद केले : साठलेले, फळाला आलेले आणि आज घडत असलेले. यातील क्रियमाण हे आपल्या हाती असते आणि नीतीचा खरा प्रांत तोच. परंतु व्यवहारात आपण प्रारब्धच तेवढे उचलले. कपाळावर हात मारून 'कर्म माझं!' म्हणणाऱ्या मराठी माणसाला आपल्या आजच्या कृतीची आठवण होत असते, असे क्वचितच म्हणता येईल.

'मी करीन त्याला मी उत्तरदायी आहे' हे वाक्य माणसाला नीतिमान बनवते. 'तो दुःखात आहे, अर्थात त्याने काहीतरी केले असणार' हे वाक्य मात्र दिसायला त्याचेच उलट रूप असले, तरी तर्कानेही त्यातून निघत नाही. आणि समाजात त्याचे परिणाम भयंकर झाले आहेत. पंडिता रमाबाईंनी 1887 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात, वैधव्य हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानून बालविधवांचा कसा छळ होई, याचे वर्णन केले आहे. दोन वर्षांनी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. अस्पृश्यता आणि कुष्ठरोग यांच्याभोवतीही हाच तर्क उभा केला गेला.

थोर माणसेही या मोहापासून दूर राहिली नाहीत. 15 जानेवारी 1934 रोजी बिहारमध्ये भूकंप होऊन हजारो माणसे दगावली. अस्पृश्यतेच्या पापाबद्दल मिळालेली ही ईश्वरी शिक्षा आहे, असे गांधीजी म्हणाले. येथे पूर्वजन्माचा प्रश्न नव्हता, परंतु विचाराची दिशा तीच होती. रवींद्रनाथ टागोरांनी, अस्पृश्यतेला त्यांचाही विरोध असताना, नैसर्गिक आपत्तीची कारणे निसर्गातच असतात असे सांगून आक्षेप घेतला. गांधीजींनी तो आपल्या 'हरिजन' पत्रात उत्तरासह छापला, हा त्यांचा मोठेपणा. तरी या वादात टागोरांची बाजू अधिक सबळ होती, असे आम्हांस वाटते.

स्वतः बुद्धांनीही असा सरसकट निष्कर्ष नाकारला आहे. मोळीय सीवक नावाच्या परिव्राजकाने त्यांना विचारले, की माणसाला जे जे सुखदुःख होते ते सारे पूर्वकर्मामुळेच होते काय? बुद्धांनी पित्त, कफ, वात, ऋतुपालट, आघात अशी आठ कारणे सांगितली. कर्म हे त्यांपैकी केवळ एक.

योहानलिखित शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभू येशू दोन्ही पर्याय नाकारतो आणि चिखल करून त्याच्या डोळ्यांना लावतो. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून दगावलेल्या अठरा जणांविषयीही तो हेच सांगतो : ते इतरांहून अधिक पापी नव्हते. मात्र ऐकणाऱ्यांना तो स्वतःच्या पश्चात्तापाकडे वळवतो. जबाबदारी नाहीशी होत नाही, ती ज्याची त्याच्याकडे जाते.

ख्रिस्तसभा पुनर्जन्म मानत नाही. 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात तसे स्पष्ट नमूद आहे. त्यामुळे जन्मजात व्याधीचे पूर्वजन्मात उत्तर शोधण्याची वाट आपल्याला उपलब्ध नाही आणि 'देवाने शिक्षा केली' ही पळवाटही नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 11 फेब्रुवारी 1984 च्या आपल्या प्रेषितीय पत्रात ईयोबाचे उदाहरण घेऊन, प्रत्येक दुःख हे अपराधाचे फळ नसते, असे प्रतिपादन केले आहे. पत्राचे सातवे प्रकरण चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यावर आहे. रस्त्यात जखमी होऊन पडलेल्या माणसावर ही वेळ का आली, याची चौकशी त्या दाखल्यात कोणीही करत नाही. शोमरोनी त्याच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधतो आणि त्याला उतारशाळेत नेतो.